फळ्यावरची सहल आणि लिस्बनचे चार दिवस



आज एक कबुली देऊन सुरुवात करते. दरवर्षी सहामाही परीक्षेच्या आधी मी चौथीच्या वर्गाला एक निबंध देते, ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’. देते म्हणजे काय, फळ्यावर दहा ओळी लिहूनच देते. ‘तेथील निसर्गसौंदर्य पाहून माझे मन प्रसन्न झाले. आम्ही खूप मजा केली. संध्याकाळी आम्ही थकून घरी परतलो. ती सहल मी कधीही विसरणार नाही.’ मधे एक जागा रिकामी ठेवायची, तिथे मुलांनी गावाचं नाव घालायचं. झाला निबंध!

मागच्या वर्षी मी अशा तेवीस वह्या तपासल्या. तेवीसच्या तेवीस मुलांचं मन एकाच ओळीत प्रसन्न झालं होतं. त्यातली दहा-बारा मुलं त्या ठिकाणी कधी गेलेलीच नव्हती, पण ती सहल तीही कधी विसरणार नव्हती! मी सगळ्यांना दहापैकी आठ-आठ गुण दिले आणि गठ्ठा बांधून ठेवला.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मला स्वतःलाच एक सहल घडली. ध्यानीमनी नसताना थेट युरोपची. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. त्याने आईला आणि मला बोलावून घेतलं आणि चार दिवस काढून पोर्तुगालची राजधानी लिस्बन दाखवायला नेलं. भाऊ, भावजय, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, आई आणि मी असे पाच जण. तुम्ही म्हणाल, बाईंना विमान परवडलं म्हणून आता आम्हाला गोष्टी सांगणार. तसं नाही हो. त्या चार दिवसांत माझ्या फळ्यावरच्या दहा ओळी कशा खोट्या पडल्या, ते सांगायचं आहे. शहर पाहणं म्हणजे काय, हे मला चौथीच्या बाईंना तिथे नव्याने शिकावं लागलं.

पहिला दिवस : यादी

भाऊ कामाचा माणूस. त्याने मोबाईलमध्ये चौदा ठिकाणांची यादी केलेली होती, प्रत्येकासमोर वेळ. सकाळी अठ्ठावीस नंबरची ती प्रसिद्ध पिवळी ट्राम. तिच्यासाठी तासभर रांग. आत एवढी गर्दी, की खिडकीतून शहर दिसण्याऐवजी मला समोरच्या माणसाची पाठपिशवीच दिसत राहिली. मग बेलेंमचा बुरूज, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, अगदी तेजो नदीच्या पाण्यात उभा. तिथे फोटो. मग नदीकाठचं ‘शोधांचं स्मारक’, जहाजाच्या नाळेसारखं पुढे झेपावलेलं. तिथे फोटो. मग जेरोनिमोस मठ. तिथेही फोटो.

या मठातल्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडातली, वर झोपलेली मूर्ती, हात जोडलेले. मी भाच्याला शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, “यांनी भारताचा शोध लावला बरं का, १४९८ साली.”

भाच्याने विचारलं, “आत्या, भारत हरवला होता का?”

मला हसू आलं, पण उत्तर काही सुचेना. अहो, खरंच आहे की. वास्को द गामा कालिकतजवळ उतरला तेव्हा तिथे भरलेला बाजार होता, राजा होता, अरब व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येत-जात होते. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून त्याला पुढे रस्ता दाखवणारा वाटाड्याही तिथेच मिळाला होता. त्याने शोधला तो युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून यायचा जलमार्ग. दुसऱ्या सफरीत, १५०२ साली, याच माणसाने हजच्या यात्रेकरूंनी भरलेलं जहाज जाळलं. १५२४ मध्ये तो वारला तोही आपल्याकडेच, कोचीला. आधी तिथेच पुरला होता, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. हे सगळं मला तुकड्या-तुकड्याने माहीत होतं. पण मी वर्षानुवर्षं ‘शोध लावला’ एवढंच शिकवत आले, कारण पाठ तेवढाच होता. भाच्याशी यावर बोलायला थांबावं, तर भाऊ घड्याळ दाखवत होता. यादीत अजून सहा ठिकाणं बाकी.

रात्री भावजयीने मुलाला विचारलं, “आज काय काय पाहिलंस?” तो म्हणाला, “खूप मजा आली.” आणि झोपला.

माझ्या फळ्यावरची ओळ! मी न लिहून देताही त्याने ती बरोबर उच्चारली होती. त्याला दोष कसा देणार? मलाही कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

दुसरा दिवस : पाव, चावी, पगार

दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे धरले. लिस्बन शहर टेकड्यांवर वसलेलं आहे. सात टेकड्या म्हणतात, माझ्या पोटऱ्यांनी त्याहून जास्त मोजल्या. फुटपाथवर छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांची सुरेख नक्षी असते, पण पाऊस पडला की ती चक्क साबण लावल्यासारखी होते. (पालकांनो, आजी-आजोबांना नेणार असाल तर चप्पल-सँडल नको, चांगली पकड असलेले बूटच घ्या.) आईला चालवेना म्हणून यादी रद्द झाली आणि आम्ही मुक्कामाच्या गल्लीतच फिरलो. तिथे खरी सहल सुरू झाली.

घरमालकीणबाईंनी आदल्या दिवशी किल्ली देताना ‘शाव्ह’ असा काहीतरी शब्द उच्चारला होता. सकाळी त्यांच्याच दारावरच्या पाटीवर तो लिहिलेला दिसला आणि माझी ट्यूब पेटली. शाव्ह म्हणजे चावी! पोर्तुगीजांकडूनच मराठीत आलेला शब्द. मग बेकरीत गेलो. तिथे पाव मागायला भाऊ इंग्रजी जुळवत होता, तोवर पुढच्या बाईने नाकातून ‘पाँव’ म्हणून पाव घेतलासुद्धा. भाच्याचे डोळे मोठे झाले. “आत्या, ती मराठी बोलली!”

मग काय, आम्हाला खेळच मिळाला. भाजीच्या दुकानात बटाट्यावर पाटी ‘बताता’. हिंदीवाले आलू म्हणतात, आपण बटाटा, त्याचं कारण हे. कोबी तिथे ‘कोव्ह’, अननस जवळजवळ अननसच, काजू तर काजूच. भांड्यांच्या दुकानात बादली ‘बाल्द’. पोस्टाच्या खिडकीत ख्रिसमसच्या तिकिटांची जाहिरात, तीवर ‘नताल’ लिहिलेलं, म्हणजे आपला नाताळ. दुपारी खाणं झाल्यावर बिल द्यायची वेळ आली, तर वेटर चक्क ‘पगार’ म्हणाला. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे चुकते करणं. आई म्हणाली, “आपल्याकडं पगार घ्यायचा असतोय, हितं द्यायचा असतोय व्हय?”

भाचा जर्मनीत वाढतोय. त्याला मराठी समजतं, पण बोलायचं तो टाळतो. आजीला ‘हो’, ‘नाही’, ‘नको’ यापलीकडे उत्तर देत नाही. आईला ते लागतं, पण ती बोलून दाखवत नाही. त्या दिवशी मात्र तो प्रत्येक दुकानापाशी थांबून आजीला विचारत होता, “आजी, याला आपण काय म्हणतो?” आपण म्हणतो! संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे एकोणीस शब्द झाले होते. भावजयीच्या जुन्या डायरीत त्याने ते स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिले.

आता सांगा, हे शब्द आमच्या लातूर जिल्ह्यापर्यंत आले कसे? गोव्याहून, वसईहून, बंदरांतून, खलाशी-व्यापारी-पाद्री यांच्या तोंडून, मग बैलगाड्यांतून घाट चढून. एका चावीच्या मागे एवढा इतिहास आहे. तो मला बुरुजावर नाही सापडला, बेकरीत सापडला.

ताटातला भूगोल

परदेशी सहलीत जेवणावरून प्रत्येक घरात वाद होतो. “तिथलं कशाला, आपलं बरोबर नेऊ” असं एक मत, “एवढे पैसे भरून तिकडे जाऊन पोळी-भाजी काय खायची” असं दुसरं. आमच्यातही झाला. आई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. तिने बरोबर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती.

मला वाटतं, दोन्ही मतं अर्धी बरोबर आहेत. ज्याला पथ्य आहे त्याने आपलं बरोबर न्यावं, त्यात कमीपणा नाही. पण मुलांना निदान रोज एक घास तिथला द्यावा, आणि तो घास कुठून आला हे विचारावं. नुसतं ‘यम्मी’ म्हणून पुढे जाऊ नये.

लिस्बनची सर्वांत प्रसिद्ध गोड वस्तू म्हणजे पाश्तेल द नाता. तळहातावर मावेल एवढी खुसखुशीत पारी, आत अंड्याच्या बलकाची गोड साय, वरून करपल्यासारखे काळे ठिपके. त्यावर दालचिनी भुरभुरवून गरम गरम खायची. बेलेंमच्या एका दुकानात ती १८३७ पासून बनते. १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले, त्यानंतर मठातली पाककृती बाहेर आली. मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून ही पक्वान्नं निघाली, असं तिथे सांगतात. ही गोष्ट ऐकल्यावर भाच्याने चार खाल्ल्या. आईने नुसता वास घेतला आणि म्हणाली, “दालचिनी आपल्याकडचीच की.” बरोबरच आहे. या दालचिनी-मिऱ्यांसाठीच तर ती सगळी जहाजं निघाली होती.

बाकालाऊ हा त्यांचा राष्ट्रीय जीव की प्राण. खारवून वाळवलेला कॉड मासा. दुकानात लाकडी फळ्यांसारखा रचून ठेवतात, आणि वास थेट आपल्या सुकटीच्या बाजारासारखा! गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. तो उत्तरेच्या थंड समुद्रातला, आज मुख्यतः नॉर्वेहून येतो. म्हणजे ज्याला ते ‘आमचं’ म्हणतात तेही बाहेरून आलेलं.

आणि आपलं काय? आम्ही ‘घरचं’ म्हणून जपून नेलेली ती चटणी बघा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला पटेचना. “म्हंजे ज्ञानोबा माउलीच्या काळात ठेचा नव्हता?” नव्हता. मिरेच होते. आई बराच वेळ चटणीच्या डब्याकडे बघत बसली. त्याच दिवशी एका कॅफेच्या काचेत आम्हाला समोसा दिसला. ‘शमूसा’ म्हणतात, तो त्यांचा रोजचा खाऊ झालाय. त्यांनी आपलं घेतलं, आपण त्यांचं घेतलं. समाजशास्त्राचा एक अख्खा धडा त्या टेबलावर होता.

एक सावधगिरीची सूचना. हॉटेलात बसलं की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. आपल्याकडे कांदा-लिंबू देतात तसं समजून आम्ही सगळं संपवलं. बिलात त्याचे पैसे होते! ही तिथली रीतच आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, मग पैसे लागत नाहीत.

आईला सर्वांत काय आवडलं असेल? रस्त्यावरच्या गाडीवर भाजलेले चेस्टनट. नोव्हेंबरमध्ये चौकाचौकात त्यांचा पांढरा धूर असतो. कागदात गुंडाळून डझनभर देतात. साल काढली की आत रताळ्यासारखा गोडसर, पिठूळ गर. आईने पहिला तोंडात टाकला आणि विचारलं, “उपासाला चालंल का रे हे?”

तिसरा दिवस : छप्पर नसलेलं चर्च

तिसऱ्या दिवशी आम्ही एकच ठिकाण ठरवलं, कार्मोचा मठ. शहराच्या मधोमध, रोसियो चौकातून वर पाहिलं की टेकडीवर नुसत्या कमानी दिसतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेलं हे मोठं चर्च. आत गेलं की दोन्ही बाजूंना उंच खांब, वर दगडी कमानी आणि कमानींच्या मधून सरळ आभाळ. छप्पर नाही. खाली गवत.

१ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी साडेनऊच्या पुढे लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. तो दिवस सणाचा होता, सर्व संतांचा दिवस. चर्चेस माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटवलेल्या. छपरं माणसांवर कोसळली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तर तासाभरात समुद्राच्या लाटा नदीतून आत घुसल्या. पडलेल्या मेणबत्त्या आणि चुली यांनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत होती. हजारो माणसं गेली. राजा जोझे वाचला, पण त्यानंतर तो दगडी छपराखाली राहायला तयार होईना. त्याच्यासाठी लाकडाचा आणि कापडाचा राजवाडा बांधावा लागला.

मी हे वाचून दाखवत होते. आई एका खांबाच्या पायथ्याशी बसली होती. वर बघत म्हणाली, “मग हे कामून ठिवलंय उघडं? छत का घातलं नाही परत?”

भावाने सांगितलं, “आई, आठवण म्हणून तसंच ठेवलंय.”

आई काही बोलली नाही. आणि मग बोलू लागली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, आम्ही किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझी आजी त्यात गेली. मी पाच वर्षांची होते. मला आठवतो तो नुसता धुरळा आणि नंतरचे पत्र्याचे शेड. आईने आम्हा भावंडांना त्या रात्रीबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटायचं विचारू नये.

कार्मोच्या त्या कमानींखाली आईने हात पुढे करून हवेत आमचं जुनं घर काढलं. “हितं उंबरा. हितं डाव्या हाताला जातं. ह्या कोपऱ्यात रांजण. तुजी आजी त्या भितीपाशी निजायची, थंड लागतंय म्हणून.” भाचा तिच्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, “आजी, आधी आवाज आला की आधी हललं?”

“आवाज आला बाळा आधी. खालून. ट्रक आल्यावानी.”

“मग तू काय उचललंस?”

“तुज्या बापाला.”

माझा भाऊ तेव्हा दीड वर्षाचा होता. तो पाठ फिरवून कमानी बघत उभा राहिला. आम्ही तिथे दीड तास होतो. एक फोटो काढायचंही कुणाला सुचलं नाही.

एका मंत्र्याची प्रश्नावली

भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभं करण्याचं काम ज्या मंत्र्याने केलं, तो पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेला. आज आपण ‘बायशा’ या मधल्या सपाट भागात फिरतो तेव्हा त्यानेच आखलेल्या सरळ, काटकोनातल्या रस्त्यांवरून चालत असतो. रस्त्यांना नावंही धंद्यांची दिली. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आमच्या लातूरच्या गंजगोलाईत रस्त्यारस्त्याला वेगळा बाजार असतो, तशी. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालायला लावला, म्हणजे घर हललं तरी कोसळायचं नाही. त्या पिंजऱ्याचा नमुना उभा करून भोवतीने सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली, असं सांगतात.

पण मला शिक्षिका म्हणून त्याचं सर्वांत मोठं काम वाटलं ते वेगळंच. त्याने देशभरातल्या धर्मगुरूंना एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? एका दिशेकडून जास्त जाणवला का? किती माणसं गेली? समुद्राचं पाणी आधी चढलं की आधी ओसरलं? विहिरी-झऱ्यांत काय फरक पडला? नंतर किती धक्के बसले? तो काळ असा, की लोक ‘देवाचा कोप’ म्हणून गप्प बसत होते. याने विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? ती उत्तरं आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भूकंपशास्त्राच्या अभ्यासाची ही सुरुवात मानली जाते.

हे वाचताना मला माझा फळा आठवला. पोंबालने सामान्य माणसांना प्रश्न दिले आणि उत्तरं त्यांची त्यांना लिहू दिली. मी मुलांना उत्तरं देते आणि प्रश्न विचारायची सोयच ठेवत नाही.

परत वर्गात

डी.एड.ला आपण सगळ्यांनी एक सूत्र पाठ केलंय, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. मला वाटतं सहलीला हे सूत्र उलटंही लागू पडतं. अनोळखी ठिकाणी गेल्यावर ओळखीची वस्तू नव्याने दिसते. लिस्बनला जाऊन मला पोर्तुगाल किती कळला कोण जाणे, पण चावी, चटणी आणि आई कळली. पण त्यासाठी यादी बाजूला पडावी लागली.

सुट्टी संपल्यावर मी वर्गाला तोच निबंध पुन्हा दिला, पण फळ्यावर एकही ओळ लिहिली नाही. आमच्या शाळेपासून दोनेक किलोमीटरवर जुनं गाव आहे. भूकंपानंतर लोक तिथून उठून इकडे नव्या वस्तीत आले. तिथे आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. मुलं शेतात जाताना रोज ते पाहतात, पण ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून कुणीही ते कधी लिहिलं नव्हतं. आधी वर्गात आम्ही प्रश्न तयार केले. मुलांनीच. त्या रात्री तुम्ही कुठे झोपला होता? विहिरीचं पाणी बदललं का? दुसऱ्या दिवशी पहिलं जेवण कुणी दिलं? जुन्या घरातलं काय बरोबर आणलं? मग एका शनिवारी, पालकांना विचारून, आम्ही तिथे चालत गेलो. नंतर मुलांनी घरी जाऊन प्रश्न विचारले.

एक खबरदारी आवर्जून सांगते. हा विषय दुखरा आहे. मुलांना मी बजावून ठेवलं होतं, समोरचा ‘नको’ म्हणाला तर तिथेच थांबायचं, ‘नको’ हेही उत्तरच आहे. एका मुलाने लिहिलं, ‘आजोबा काहीच बोलले नाहीत. ते उठून गोठ्यात गेले. मीपण गेलो. आम्ही वासराला चारा टाकला.’ एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या जुन्या घराचा उंबरा अजून आहे. मी त्याच्यावरून आत गेले पण आत घर नव्हतं.’ शुद्धलेखनाच्या चुका आहेत, परिच्छेद नाहीत. पण तेवीस वह्यांत तेवीस वेगळे निबंध आहेत. या वेळी वह्या तपासायला मला तीन दिवस लागले.

तक्रारीही आल्या. एक पालक म्हणाले, “मॅडम, परीक्षेत हे येणार आहे का? गुण कमी पडले तर?” त्यांची काळजी खोटी नाही. गुण आपणच देतो आणि ‘मन प्रसन्न झाले’ला आठ गुण द्यायची सवयही आपणच लावली आहे. म्हणून हा प्रश्न पालकांच्या आधी आपल्याला आहे, शिक्षकांना. एक सहकारी म्हणाल्या, “सगळ्यांनाच असं लिहिता येत नाही, कच्च्या मुलांना नमुना लागतोच.” मान्य. पण मग नमुना प्रश्नांचा द्या ना. कच्चं मूलही आजीला विचारू शकतं आणि आजी काय म्हणाली ते दोन ओळींत लिहू शकतं.

आणि पालकहो, तुमच्यासाठी. मुलांना घेऊन तुम्ही कुठेही जा, लिस्बनला जा नाहीतर औशाच्या किल्ल्यावर. पैसे खर्च केलेत म्हणून सगळं पाहून घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. तरी एवढं करून पाहा:

१. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठरवा. बाकीचा वेळ गल्लीत, बाजारात, बाकावर जाऊ द्या.

२. रोज तिथली एक चव घ्या आणि ती कुठून आली ते विचारा.

३. तिथला एक शब्द रोज मुलाच्या वहीत त्याच्याच अक्षरात उतरवा.

४. रात्री ‘मजा आली का?’ असं विचारू नका. ‘आज तुला कोणता प्रश्न पडला?’ असं विचारा.

५. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या चालीने चाला. आमची खरी सहल आईच्या गुडघ्यांमुळे झाली.

चौथ्या दिवशी आम्ही काय पाहिलं, असं विचाराल तर, काहीच नाही. नदीकाठी बसलो, चेस्टनट खाल्ले. भाचा डायरी उघडून आजीला पोर्तुगीज शिकवत होता आणि आजी त्याचं मराठी सुधारत होती. आता तो दर रविवारी फोन करतो. मागच्या रविवारी त्याने विचारलं, “आजी, रांजण म्हणजे नक्की केवढं असतं?” आईने फोन माझ्याकडे दिला आणि दोन्ही हात पसरून दाखवायला लागली. व्हिडिओ चालू करायचा राहिला होता.

तर शिक्षक मित्रांनो, निबंधांचे तयार नमुने आपण एकमेकांना नेहमीच पाठवतो. मीही पाठवलेत. या वेळी मी पाठवणार नाही. त्याऐवजी तुमच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्या गावाबद्दल तयार केलेले पाच प्रश्न मला पाठवा. ते मी माझ्या वर्गाला वाचून दाखवेन.